शेताची कड आणि शहराची बाग

मे महिना लागला की धर्मग्रामातील मुले मला हमखास एक प्रश्न विचारतात : "फादर, यंदा सहल कुठे?" उन्हाळी धर्मशिक्षणाचे शिबीर दहा दिवस चालते आणि अकराव्या दिवशी सहल निघते, असा आमच्याकडे परिपाठ आहे. शिबिरात काय शिकलो हे मुले पावसाळ्यापर्यंत विसरतात. सहलीच्या बसमध्ये कोण कोणाशेजारी बसले होते, हे मात्र त्यांना पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आठवते. त्यामुळे हा प्रश्न मी कधी हलका मानला नाही. परंतु त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, हे उमगायला मला बराच काळ लागला. सहल कुठे न्यायची हे ठरवताना आपण नकळत हेही ठरवीत असतो की, विश्रांतीवर आणि आनंदावर अधिकार कोणाचा. त्याच प्रश्नाविषयी वाचकांशी चार शब्द बोलावेत असे मनात आहे, आणि बोलण्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

ही गोष्ट 2017 सालची, नाशिकमधील माझ्या तेव्हाच्या धर्मग्रामातील. त्या वर्षी शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कला जायचे ठरले. प्रवेश, बस आणि जेवण धरून प्रत्येक मुलामागे 600 रुपये खर्च येणार होता. मिस्सानंतर सूचना देताना मी आवर्जून सांगितले, "ज्यांना अडचण असेल त्यांनी मला एकांतात भेटावे. त्यांची व्यवस्था होईल." आपण फार समजूतदारपणे बोललो असे मला वाटले. भेटायला कोणीही आले नाही, तेव्हा कोणाला अडचणच नाही असा सोयीस्कर अर्थ मी काढला. सहलीच्या सकाळी हजेरी घेतली तेव्हा शिबिरातील 64 मुलांपैकी 11 मुले आली नव्हती. कोणाला ताप आहे, कोणी मामाच्या गावाला गेले आहे, असे मला सांगण्यात आले. मी ते मान्य केले आणि बस निघाली.

पुढच्या आठवड्यात गृहभेटी करताना मी त्या अकरांपैकी एका मुलाच्या घरी गेलो. वडील रिक्षा चालवीत, आई चार घरची धुणीभांडी करी. मुलगा दारातच गोट्या खेळत होता. मी विचारले, "काय रे, पोट दुखत होतं म्हणे तुझं?" तो मान खाली घालून म्हणाला, "मला पाण्यात खेळायला आवडत नाही, फादर." आईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि ती हळू आवाजात म्हणाली, "खोटं बोलतोय तो. फादर, तुमच्याकडे यायला आम्हाला लाज नव्हती. पण बसमध्ये कोणी म्हणालं असतं की याला फादरनी फुकट आणलंय, तर ते त्याला ऐकावं लागलं असतं. त्याचं त्यानंच ठरवलं, जायचं नाही म्हणून."

दहा वर्षांच्या मुलाने आईबापांची अब्रू राखण्यासाठी आपल्याला पाणी आवडत नाही, असे ठरवून टाकले होते. तो चहा मला गोड लागला नाही. मी कोणाचा अपमान केला नव्हता; मदतीचे दारही उघडे ठेवले होते. पण त्या दाराची चौकट इतकी ठेंगणी होती की, वाकल्याशिवाय कोणालाही आत येता येत नव्हते. हे माझ्या लक्षात यायला एका मुलाची सहल बुडावी लागली.

कोणी म्हणेल, "फादर, यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे? अन्न, औषध, शाळेची फी हे गरजेचे विषय झाले. सहल ही चैन आहे. ज्याने कमावले त्याने मजा करावी, ज्याला परवडत नाही त्याने थोडे थांबावे. यात अन्याय कसला?" हा आक्षेप टाकाऊ नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील कष्टाने वर आले आहेत, आणि 'आधी काम, मग आराम' हा संस्कार आपल्या रक्तात आहे. तथापि विश्रांती हे कामाचे बक्षीस आहे का, हा प्रश्न थोडा खोलात जाऊन तपासायला हवा.

आपण जिला तिसरी आज्ञा म्हणतो ती शब्बाथाची आज्ञा पवित्र शास्त्रात कशी दिली आहे ते पाहा. विसावा फक्त घरधन्याला सांगितलेला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परदेशी माणूस, या सर्वांची नावे त्या यादीत एकेक करून घेतली आहेत. बैलाने किती नांगरले याचा हिशेब तिथे मागितलेला नाही. विसावा त्याला मिळायचा आहे, कारण तोही परमेश्वराच्या हातची निर्मिती आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर खेळाला सद्गुणांच्या विवेचनात स्थान दिले. शिष्यांसोबत खेळताना दिसलेल्या संत योहानाला काहींनी दोष दिला, तेव्हा त्याने एका तिरंदाजाला विचारले की, तुझे धनुष्य सतत ताणलेले ठेवता येईल का. 'मोडेल' असे उत्तर आले. जुन्या परंपरेतील ही कथा अक्वायनस यांनी याच संदर्भात सांगितली आहे. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही ती ऐकली तेव्हा हसलो होतो. आज वाटते, मोडणाऱ्या धनुष्यांची संख्या गरिबांच्या वस्तीत अधिक असते, आणि प्रत्यंचा उतरवायला जागा मात्र त्यांच्याचपाशी सर्वांत कमी असते.

आपल्या महाराष्ट्राला हा विचार परका नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती, त्या काळात महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधून रविवारच्या सुट्टीसाठी लढा दिला. रविवार हा खंडोबाचा वार, असेही त्यांनी मालकांना सांगितले. अखेर 10 जून 1890 पासून ती सुट्टी मिळू लागली. पुढच्याच वर्षी, मे 1891 मध्ये, पोप लिओ तेरावे यांचे कामगारांच्या प्रश्नावरील परिपत्रक प्रसिद्ध झाले, आणि त्यातही साप्ताहिक विसावा हा कामगाराचा हक्क म्हणून मांडला गेला. रोम आणि भायखळा यांच्यात काही संबंध होता असे मी म्हणत नाही. पण दोन अगदी भिन्न श्रद्धांच्या माणसांना एकाच सुमारास एकच गोष्ट दिसली, हे विचार करण्यासारखे आहे. आज रविवारी बिछान्यात अर्धा तास जास्त लोळताना आपल्याला लोखंडे आठवत नाहीत. ती सुट्टी कोणी आपल्याला दयेपोटी दिली असती, तर ती मागताना प्रत्येकाला दर आठवड्याला एकांतात भेटावे लागले असते!

वेळ मिळाला, पण तो घालवायचा कुठे? दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, पत्रा तापलेला असतो, नाशिकचा पाराही आता मे महिन्यात चाळिशी गाठतो. अशा घरातील माणसाला रविवार मिळाला तरी विसावा मिळतोच असे नाही. विसाव्याला जागा लागते. येथे मला लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील एक नियम आठवतो. कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत कापू नये, खाली पडलेली कणसे वेचू नयेत, द्राक्षमळ्यातील शेवटचा घड तोडू नये. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावे, असे तेथे सांगितले आहे. आपला जिल्हा द्राक्षांचा आहे. एखाद्या बागाईतदाराला विचारून पाहा, वेलीवरचे घड मोजून विकले जातात त्या काळात हा नियम केवढा मोठा आहे ते तो सांगेल.

या नियमातील एक बारकावा मला त्या चहाच्या कपानंतरच उमगला. शेतमालकाने सगळे पीक घरी न्यावे आणि मग दारात आलेल्याला पसाभर धान्य घालावे, असे तेथे म्हटलेले नाही. कड उभीच ठेवायची आहे. गरीब माणूस येईल, स्वतःच्या हाताने कणसे खुडेल आणि जाईल. त्याला मालकाची गाठ घ्यायची नाही, अडचण सांगायची नाही, आभार मानायचे नाहीत. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली तेव्हा बवाजाने कापणाऱ्यांना बजावले की, तिच्यासाठी मुद्दाम काही पेंढ्यांतून कणसे गळू द्या आणि तिला बोल लावू नका. देणाऱ्याने आपले देणे लपवावे आणि घेणाऱ्याची मान ताठ राहावी, यासाठी केवढी ही काळजी! माझ्या 'एकांतात भेटावे' या सूचनेत नेमकी हीच काळजी नव्हती.

शहराची सार्वजनिक बाग ही माझ्या दृष्टीने शहराने न कापलेली शेताची कड आहे. शहर आपली सगळी जमीन कापते. घरे, दुकाने, कारखाने, रस्ते यांत तिचे पीक निघते. त्यात एखादा तुकडा ते उभा ठेवते आणि म्हणते, येथे या, बसा, कोणी तुम्हाला नाव विचारणार नाही. बागेच्या बाकावर बसलेला माणूस बंगल्यातून आला की पत्र्याच्या खोलीतून, हे बाकाला ठाऊक नसते.

ही कल्पना आपल्या शहरात किती जुनी आहे हे पाहायचे असेल तर पांडवलेणीच्या पायऱ्या चढाव्यात. त्रिरश्मी डोंगरातील त्या चोवीस लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखात त्याच्या दानांची यादी कोरली आहे. भडोच, दशपुर, आपल्या नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे वसईकरांच्या शेजारचे सोपारा, या ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी विश्रांतिगृहे बांधली, बागा, तळी आणि विहिरी करविल्या. तापी आणि इतर नद्यांवर लोकांना विनामूल्य पैलतीरी नेणाऱ्या नावा ठेवल्या. त्या यादीत बागेसाठी शब्द आला आहे 'आराम'. संस्कृतात आराम म्हणजे उपवन. फारसीतून आलेला तसाच शब्द आपण आज विसाव्यासाठी वापरतो. दोन भाषांतील दोन शब्द आपल्या मराठीत एकमेकांना इतके बिलगले आहेत की, बाग आणि विसावा यांचे नाते वेगळे सिद्ध करायला नको. राजाचा जावई गायी, सोने आणि गावे दान करतो, आणि त्याच यादीत वाटसरूला सावली मिळावी म्हणून केलेली बागही नोंदवतो. त्याला ती चैन वाटली नव्हती.

आता आपल्या बागांकडे येऊ. नाशिकमध्ये बागा आहेत, नदीकाठही आहे. शहराच्या मध्यभागी शिवाजी उद्यान आहे. पांडवलेणीच्या पायथ्याशी, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचे स्मारक आणि त्याभोवतीचा हिरवा परिसर आहे. गंगापूर रोडच्या मागे गोदावरीच्या काठाने गोदा पार्कची वाट आहे, पुढे सोमेश्वरचा धबधबा. मे महिन्यात धबधबा बहुधा नावापुरताच असतो. गंगापूर धरणातून आवर्तन सुटले तर खडकांवरून पाणी वाहते, नाहीतर पाणवेली साचतात. पावसाळ्यात मात्र हीच नदी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत येते आणि काठची वाट सोबत घेऊन जाते. ऑगस्ट 2016 च्या पुरात काठावर केलेल्या बऱ्याच कामांची वाताहत झाली, हे नाशिककरांच्या स्मरणात असेल. पूर ज्या जमिनीवर हक्क सांगतो तेथे इमला बांधू नये, पण उरलेले आठ महिने ती जमीन मुलांच्या पायांना द्यावी, इतके शहाणपण नदी आपल्याला फुकट शिकवते.

पण या बागांची अवस्था काय आहे? अनेक ठिकाणी झोपाळ्याच्या साखळ्या तुटलेल्या, कारंजे कोरडे, बाकांवर पिचकाऱ्या, संध्याकाळनंतर दिवे बंद. "फादर, तिथे कोण कोण येऊन बसतं! मुलींना घेऊन कसं जायचं?" असे आयाबहिणी विचारतात, तेव्हा त्यांची काळजी खोटी नसते. मुलांना असुरक्षित जागी न्या असे मी कोणालाही सांगणार नाही. परंतु या अवस्थेच्या कारणांत आपलाही थोडा वाटा आहे का, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

ज्यांना परवडते त्यांनी आपला विसावा वेगळा विकत घेतला की काय होते? सोसायटीच्या आत स्वतःची बाग झाली, क्लबचे सभासदत्व आले, सुट्टीत रिसॉर्टचे आरक्षण झाले. यात पाप नाही. पण ज्यांचे म्हणणे महापालिकेत ऐकले जाते, ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांच्या दूरध्वनीला अधिकारी उत्तर देतात, ती माणसे बागेतून उठून गेलेली असतात. मागे उरतात ती तक्रार करण्याची सवय नसलेली माणसे. मग साखळी तुटते आणि तुटलेलीच राहते. बाग घाण आहे म्हणून आपण जात नाही, हे खरे. पण आपण जात नाही म्हणून ती घाण राहते, हेही तितकेच खरे आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या आपल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच दुखण्यावर बोट ठेवले होते. जागांचे खाजगीकरण होत गेले की सौंदर्याच्या ठिकाणी जाणे सामान्यांना अवघड होते, आणि निगा राखलेली हिरवळ सुरक्षित वस्त्यांत दिसते पण समाजाने टाकून दिलेल्यांच्या वस्तीत दिसत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शेताच्या कडेला आपण स्वतः कधी फिरकलोच नाही, तर ती कड कोणी नांगरून टाकली तरी आपल्याला कळणार नाही.

आणि कड नांगरण्याला टपलेले पुष्कळ असतात. शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी, क्रीडांगणासाठी जागा आरक्षित केल्या जातात. परंतु 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीच्या मुदतीतही कार्यवाही झाली नाही तर आरक्षण संपते. मालकावर अन्याय होऊ नये यासाठी ही तरतूद रास्तच आहे. पण ज्या बागेची वाट पाहणारे कोणी नाही, तिची दहा वर्षे फार लवकर सरतात.

कधीकधी कड नांगरायला येणारे कारण फार सात्त्विक असते. बंगळूरमध्ये एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा एका खाजगी वैद्यकीय ट्रस्टला रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला आणि बागेची जागा खाजगी रुग्णालयाला देता येणार नाही हे स्पष्ट केले. या प्रकरणाविषयी प्रथम वाचले तेव्हा मी गोंधळलो होतो. आजाऱ्याची सेवा हे आपल्या ख्रिस्तसभेचे जुने व्रत. रुग्णालय आणि बाग यांत निवड करायची तर आपण डोळे मिटून रुग्णालय निवडू. पण नीट विचार करता दिसते की, खाजगी रुग्णालयात प्रवेश पैशाने मिळतो, आणि बागेत सर्वांना तो असतोच. सर्वांची जागा काही जणांच्या हाती गेली, तर कारण कितीही चांगले असले तरी काहीतरी हिरावले जाते. एक चांगली गोष्ट दुसऱ्या चांगल्या गोष्टीच्या जमिनीवर उभी करू नये, एवढा धडा मी त्यातून घेतला.

असो. 2018 च्या उन्हाळ्यात मी सहल नदीकाठी नेण्याचे ठरवले. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत कुरबुर झाली. "तिथे आहे काय पाहण्यासारखं?" असे एकाने विचारले. दुसरे म्हणाले, "मागच्या वर्षी वॉटर पार्क आणि यंदा गोदाकाठ? मुलं नाराज होतील." मी फी ठेवली नाही. प्रत्येकाने घरचा डबा आणावा आणि सगळे डबे एका चादरीवर उघडावेत, एवढाच नियम केला. शहर बसने पहाटे पांडवलेणीला गेलो. ऊन चढण्याआधी दहावे लेणे पाहिले आणि उषवदाताची गोष्ट सांगितली. मुलांना त्यातील फुकटच्या नावा सर्वांत आवडल्या. मग नदीकाठच्या झाडांखाली आलो. कोणीही पाण्यात उतरायचे नाही हे आधीच बजावले होते, कारण दर उन्हाळ्यात पोहायला गेलेल्या कोवळ्या मुलांच्या बातम्या आपण वाचतो आणि त्यांतील काहींच्या अंत्यविधीला मी उभा राहिलो आहे.

दुपारी चादर पसरली. मंगळूरकडच्या घरची सान्नां, श्रीरामपूरकडच्या घरची भाकरी आणि ठेचा, वसईकडच्या घरचे तळलेले मासे, आणि कितीतरी घरची साधी चपाती-भाजी. कोणाचा डबा कोणाचा हे पाच मिनिटांत कोणाला सांगता आले नसते. ज्या मुलाला पाणी आवडत नव्हते त्याचे वडील रिक्षाचा खाडा करून आले होते. त्यांचे बालपण गोदाकाठच्याच एका खेड्यात गेले होते. बहाव्याच्या लांब शेंगा, पिंपळावरचे पोपटाचे बीळ, काठावरच्या चिखलातील मुंगसाची पावले, असे एकेक दाखवीत ते पुढे चालले आणि सारी मुले त्यांच्यामागे. आपल्या मुलाकडे त्यांनी एकदाच वळून पाहिले. त्या मुलाचा चेहरा मी पाहिला, आणि गेल्या वर्षीचे कर्ज थोडेसे फिटल्यासारखे मला वाटले. सगळे गोड झाले असे मात्र नाही. दोन कुटुंबांनी मुलांना पाठवले नव्हते, आणि परतताना एक मुलगा मला म्हणालाच, "फादर, मस्त होतं; पण पुढच्या वर्षी वॉटर पार्कला जाऊ या ना!" मुले ती मुलेच. त्यांना घसरगुंडीही हवी असते, आणि ती हवी असण्यात काही गैर नाही.

येथे हा लेख संपवला असता तर मी शहाणा ठरलो असतो. पण पुढच्याच वर्षी माझी पुन्हा परीक्षा झाली, आणि त्यात मी उत्तीर्ण झालो नाही. आमच्या चर्चच्या आवारात एक मोकळे मैदान आहे. आसपासच्या वस्तीतील मुले, बहुतेक इतर धर्मांची, वर्षानुवर्षे तेथे क्रिकेट खेळत. 2019 मध्ये त्यांच्या चेंडूने मारियामातेच्या ग्रोटोची काच फुटली. भाविक दुखावले, मीही संतापलो. मी फाटकाला कुलूप घातले आणि 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी लावली. नदीकाठच्या शेताच्या कडेविषयी प्रवचने देणाऱ्या माणसाने आपल्या शेताच्या कडेला काटेरी कुंपण घातले!

मग 2020 चा मार्च आला. टाळेबंदीत शहरातील सगळ्या बागांना कुलपे लागली. बंगल्यातील आणि झोपडीतील माणसे प्रथमच एकाच दुःखात सापडली : मोकळ्या हवेत बसायला जागा नाही. संकट ओसरले, बागा उघडल्या. माझे कुलूप मात्र तसेच राहिले. पुढे मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवून वाहनतळ करावा असा प्रस्ताव कौन्सिलपुढे आला. रविवारी गाड्या लावायला जागा पुरत नाही, ही अडचण खरी होती आणि देणगीदारही तयार होता. चर्चा मान्यतेच्या वाटेवर असताना एक निवृत्त कामगार, जे बैठकीत सहसा बोलत नाहीत, म्हणाले, "फादर, आपण सहलीला नदीकाठी जातो तिथं आपल्याला कोणी विचारतं का, तुम्ही कोण म्हणून? आपलं फाटक मात्र विचारतं." त्यानंतर थोडा वेळ कोणी बोलले नाही.

मैदान तसेच ठेवायचे ठरले. रविवारी सकाळी गाड्या, आणि एरवी संध्याकाळी चार ते सात खेळ. ग्रोटोसमोर जाळी बसवली. पाटी काढली. वाद मिटलेला नाही; गाड्या अजूनही रस्त्यावर लागतात, शेजारी कुरकुरतात, आणि मैदानाच्या कोपऱ्यात वेफर्सची पाकिटे पडलेली दिसली की कौन्सिलमधील एकजण माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहतात. ती पाकिटे मीच उचलतो. कड राखायची तर तिची झाडलोटही आपल्याकडे येते.

प्रिय वाचकहो, एदेन बागेत मानवाची कथा सुरू झाली आणि पुनरुत्थानाच्या पहाटे मारिया माग्दालियाला प्रभू भेटला तोही एका बागेत. तिला तो माळी वाटला. तिच्या त्या चुकीत मला नेहमी गोडवा जाणवतो. या उन्हाळ्यात आपण कुठेही सहलीला जा, पैसे खर्चून जा, दूर जा. पण एक संध्याकाळ आपल्या जवळच्या सार्वजनिक बागेसाठी राखून ठेवा. घरकाम करणाऱ्या बाईंना सुट्टी द्या आणि त्यांची मुले तेथे भेटली तर एकाच बाकावर बसा. झोपाळ्याची साखळी तुटलेली असेल तर महापालिकेला अर्ज लिहा, आणि आठवड्याने पुन्हा जाऊन पाहा.

आमच्याकडे सात वाजता फाटक लावायला मी स्वतः जातो. "फादर, पाचच मिनिटं!" असा ओरडा होतो. त्यांपैकी निम्म्या मुलांची नावे मला अजून ठाऊक नाहीत. मी किल्ली हातात घेऊन फाटकापाशी उभा राहतो आणि बहुधा दहा मिनिटे होतात.